इंजिनाचा श्वास मोकळा ठेवा



इंजिनात आपण डिझेल मोजून घालतो, ऑइल मोजून घालतो. पण इंजिन हवा किती खाते, हे कधी कुणी मोजले आहे काय? हवा फुकट मिळते, म्हणून तिचा हिशेब कुणी ठेवत नाही. आणि ज्याचा हिशेब नाही तिथेच नुकसान लपून बसते, हा प्रपंचातला आपला नेहमीचा अनुभव आहे.

हा विषय आज काढण्याचे कारण सांगतो. आपल्या कळमनुरी तालुक्यात विहिरींवर विजेच्या मोटारी बसल्या, अलीकडे सौर पंपही दिसू लागले. तरी डिझेल इंजिनाची गरज संपलेली नाही. रोहित्र जळाले, लाइट गेली आणि गहू ओंबीवर आला असला, की कोपऱ्यातल्या इंजिनावरचे पोते बाजूला होतेच. कयाधूच्या काठी नदीचे पाणी उचलायला, हळद पॉलिश करायचा ढोल फिरवायला, मळणीला अजून इंजिन लागते. आणि दारात ट्रॅक्टर असेल, तर त्याच्या पोटातही हेच डिझेल इंजिन आहे.

या इंजिनांबाबत आजकाल एक नवी गोष्ट कानावर येते. घरातली तरुण मुले मोबाइलवर काहीतरी पाहतात आणि म्हणतात, "बाबा, इंजिनाचे हेड पोर्टिंग करून आणू. आतली वाट मोठी केली की हवा जास्त जाते आणि ताकद वाढते." एखादा मिस्त्रीही तसे सुचवतो. मुलांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. हेड कोरून हवेची वाट सुधारण्याचे एक शास्त्र आहे. पण ते कुठल्या इंजिनाला लागू पडते आणि कुठल्या इंजिनाला नाही, हे समजून न घेता हेड उतरवले, तर पैसाही जातो आणि ऐन पाळीच्या वेळी पाणीही तुटते. म्हणून हे प्रकरण नीट समजून घेऊ.

एका तासाला शंभर पिंपे हवा

आपल्या मराठी मुलखाला इंजिने परकी नाहीत. साताऱ्याच्या कूपर कारखान्यात १९३० च्या दशकातच डिझेल इंजिने तयार होऊ लागली होती. पुण्याजवळ खडकीला १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी उभी राहिली आणि तिची इंजिने पुढे खेडोपाडी पोचली. त्यांपैकी 'एव्ही-१' हे पाच अश्वशक्तीचे, पाण्याने थंड होणारे इंजिन अनेकांच्या परिचयाचे आहे. त्याचाच हिशेब मांडू.

या इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ११० मिलिमीटर. म्हणजे आतली जागा सुमारे ५५३ घनसेंटिमीटर, अर्ध्या लिटरहून थोडी जास्त. इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेते आणि दर दोन फेऱ्यांत एकदा श्वास आत ओढते. म्हणजे मिनिटाला ७५० श्वास झाले. प्रत्येक श्वासात सिलिंडर पूर्ण भरला, तर मिनिटाला ४१५ लिटर हवा लागेल. पण वाटेत अडथळे असतात, हेड तापलेले असते, त्यामुळे सिलिंडर पूर्ण कधीच भरत नाही. शंभरातले ऐंशी-ब्याऐंशी हिस्से भरतो असे धरू. तरी मिनिटाला सुमारे ३४० लिटर, तासाला २० हजार लिटर हवा झाली. दोनशे लिटरची शंभर पिंपे!

या हवेचे वजन भरते सुमारे २३ किलो. आणि त्याच तासात पूर्ण लोडवर डिझेल जळते एक लिटरच्या आसपास, म्हणजे वजनाने किलोहूनही कमी. शास्त्र सांगते, की एक किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. पण डिझेल इंजिनात तेलाचा फवारा उडाल्यापासून तो हवेत मिसळून जळेपर्यंत सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी वेळ मिळतो. घाईच्या पंगतीत वाढप्याच्या हाताशी जास्तीचे अन्न असावे लागते, तशी इथे जास्तीची हवा लागते. म्हणून वीस किलो किंवा त्याहून अधिक हवा मिळाली, तरच एक किलो डिझेल धूर न करता जळते. हवा कमी पडली, की अर्धवट जळलेले डिझेल काळा धूर होऊन बाहेर पडते. तो धूर म्हणजे आपण रोख मोजून आणलेले डिझेलच होय.

यात ऋतूचाही भाग आहे. डिसेंबरातल्या २० अंशांच्या मानाने मे महिन्यातल्या ४३ अंशांच्या हवेत तेवढ्याच जागेत सुमारे ७ टक्के हवा कमी मावते. हिवाळ्यात बरे चाललेले इंजिन उन्हाळ्यात धूर टाकते, त्याचे एक कारण हे.

पोर्टिंग म्हणजे काय?

सिलिंडरवर जे जड झाकण बसते, ते हेड. त्यात दोन व्हॉल्व्ह असतात, ज्यांना आपले मिस्त्री 'वॉल' म्हणतात. एकातून हवा आत येते, दुसऱ्यातून धूर बाहेर जातो. बाहेरच्या तोंडापासून व्हॉल्व्हपर्यंत ओतकामातच जी पोकळ वाट ठेवलेली असते, तिला पोर्ट म्हणतात. हेड ओतताना साच्यात वाळूचा गाभा बसवून ही वाट पोकळ ठेवतात. साहजिकच ती आतून खरखरीत असते. कुठे सांध्याची कड राहते, कुठे नळीचे तोंड आणि हेडचे तोंड एकमेकांवर तंतोतंत बसत नाही.

बोटाएवढ्या घासणीच्या यंत्राने ही वाट आतून घासायची, कडा काढायच्या, व्हॉल्व्हच्या बैठकीखालचा गळा गोलसर करायचा, बैठकीला एकाऐवजी तीन कोन द्यायचे, या सगळ्या कामाला पोर्टिंग म्हणतात. यातली गंमत अशी, की हवा सगळ्यात जास्त अडते ती लांब वाटेत नव्हे, तर व्हॉल्व्हच्या तोंडाशी. व्हॉल्व्ह आपल्या व्यासाच्या एक चतुर्थांश उचलला गेला, की त्याच्या भोवतालची फट आणि आतले भोक यांचे क्षेत्रफळ सारखे होते. ३६ मिलिमीटरचा व्हॉल्व्ह असेल, तर ९ मिलिमीटर उचलल्यावर. त्याहून कमी उचलला असेल तोवर ती फटच हवेचा मुख्य दरवाजा. म्हणून जाणता कारागीर आधी बैठक आणि गळा पाहतो. वाट रुंद करण्याचा विचार त्याच्या मनात सर्वांत शेवटी येतो.

इंग्लंडमध्ये हॅरी वेस्लेक नावाचे एक तज्ज्ञ होऊन गेले. हेडमधून हवा किती जाते, हे त्यांनी यंत्र लावून मोजायला सुरुवात केली. जग्वार मोटारीच्या १९४८ सालच्या प्रसिद्ध इंजिनाच्या हेडमागे त्यांचेच काम होते. अशा मोजणीतून एक गोष्ट स्पष्ट झाली. पोर्ट मोठा केला म्हणजे इंजिन चांगले भरतेच असे नाही. पाट गरजेपेक्षा रुंद केला तर पाण्याचा वेग जसा मरतो, तसाच पोर्ट वाजवीपेक्षा रुंद केला, की हवेचा वेग मरतो. आणि वेगात आलेल्या हवेच्या रेट्यानेच सिलिंडर शेवटी-शेवटी भरत असतो. म्हणून हे काम मोजमापाचे आहे. नुसत्या डोळ्यांनी आणि हाताच्या अंदाजाने ते होत नाही.

शर्यतीचा घोडा आणि नांगराचा बैल

पोर्टिंगचा खरा उपयोग शर्यतीच्या गाड्यांत होतो. कोइमतूर, पुणे, कोल्हापूर अशा शहरांत शर्यतीची इंजिने तयार करणारे कारागीर आहेत. भारतात १९८५ ते १९९६ या काळात निघालेली यामाहा आर एक्स १०० मोटारसायकल आपल्या तरुणांना ठाऊक आहे. ती टू-स्ट्रोक, म्हणून तिचे पोर्ट हेडमध्ये नसून सिलिंडरच्या भिंतीत असतात. ते कोरून गाडी पळवण्याचा छंद पुष्कळांनी केला. मुले मोबाइलवर जे पाहतात ते बहुतेक अशाच गाड्यांचे काम असते.

आता फरक पाहा. शर्यतीची मोटारसायकल मिनिटाला नऊ-दहा हजार फेरे घेते. नऊ हजार फेऱ्यांना एका श्वासासाठी तिला सेकंदाचा तीनशेवा भाग मिळतो. एवढ्या घाईत श्वास घ्यायचा, तर वाटेतला लहानसा खडाही नडतो. तिथे पोर्ट सुधारला की फरक पडतो. आपले पंपाचे इंजिन १५०० फेऱ्यांचे. त्याला एका श्वासासाठी सेकंदाचा पन्नासावा भाग, म्हणजे सहापट वेळ मिळतो. त्याच्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला साडेपाच मीटर. पळत्या घोड्याला नाकपुड्या रुंद लागतात. संथ चालीच्या बैलाच्या नाकपुड्या रुंद करून नांगर अधिक खोल जात नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. डिझेल इंजिनाची ताकद हवेवर एकट्याने ठरत नाही. किती डिझेल आत सोडायचे, हे गव्हर्नर ठरवतो आणि तो इंजिनाला १५०० फेऱ्यांवर धरून ठेवतो. इंजिन ठरलेल्या फेऱ्यांवर, काळा धूर न टाकता पंप ओढत असेल, तर त्याला पुरेशी हवा मिळतेच आहे. मग पोर्ट आरशासारखा गुळगुळीत केला तरी नळीतून एक थेंब पाणी जास्त पडणार नाही. कारण पाणी किती पडेल हे पंप, त्याचे फेरे आणि पाण्याची खोली यांवर ठरते. हिशेबच करायचा तर, पाच अश्वशक्ती आणि निम्मी कार्यक्षमता असलेला पंप १५ मीटर एकूण उंचीवर सेकंदाला साधारण साडेबारा लिटर पाणी देईल. यात हेडच्या गुळगुळीतपणाला कुठेच जागा नाही.

"मग गव्हर्नरची स्प्रिंग ताणून फेरे वाढवू," असे कुणी म्हणेल. तसे करू नका. पंपाचे फेरे दहा टक्के वाढले, की त्याला लागणारी ताकद सुमारे तेहतीस टक्के वाढते. इंजिनावर बोजा पडतो, ते तापते, धुरकटते आणि आयुष्य कमी करून घेते.

ही वाट मुद्दाम वाकडी केलेली असते

पोर्ट पाहिला की तो वाकडातिकडा दिसतो. मिस्त्रीला वाटते, ओतणाऱ्याची चूक झाली, आपण सरळ करू. पण अशा डिझेल इंजिनांत हवा सिलिंडरमध्ये शिरताना गोल फिरत शिरावी, म्हणून पोर्टचा आकार विचारपूर्वक ठेवलेला असतो. भोवऱ्यासारखी फिरणारी ही हवाच डिझेलचा फवारा चहूबाजूंनी मिसळून घेते. ती वळणे घासून सरळ केली, की हवा कदाचित थोडी जास्त जाईल, पण भोवरा मोडेल. परिणाम उलटाच होतो. हवा जास्त आणि तरी धूर जास्त.

तिसरा धोका भिंतीचा. पोर्टच्या पलीकडे हेडमध्ये पाणी खेळत असते. मधली भिंत काही मिलिमीटरचीच, आणि ओतताना गाभा जरा सरकला असेल तर कुठे आणखी पातळ. वरून ते दिसत नाही. मागे एका गावी असेच कोरलेले हेड माझ्या पाहण्यात आले. गहू ओंबीवर होता आणि रोहित्र जळाल्यामुळे सगळी भिस्त इंजिनावर होती. चार दिवस बरे चालले. मग भिंतीला सुईएवढे भोक पडले आणि पाणी आत झिरपू लागले. इंजिन रात्रभर थांबले तेवढ्यात पाणी सिलिंडरमध्ये साठले. सकाळी हँडल मारले, पाणी काही दाबले जाईना, आणि कनेक्टिंग रॉड वाकला. नवे हेड आणि रॉड येईपर्यंत आठवडा गेला. त्या आठवड्यात गव्हाची पाळी चुकली, दाणा बारीक राहिला. घरच्या माउलीने मला एवढेच विचारले, "साहेब, ते इंजिन आधी पाणी देतच होतं की. मग हे कशाला केलं?" या प्रश्नाचे उत्तर तिथे कुणाकडेच नव्हते.

"रोग रेड्याला आणि औषध पखालीला" म्हणतात ते हेच. इंजिनाचा श्वास कोंडलेला असतो खरा. पण तो कोंडतो भलतीकडे, आणि आपण कोरायला बसतो हेड.

श्वास खरा कुठे कोंडतो?

पुढच्या जागा ओळीने तपासा. यांतल्या बहुतेकांना पैसे लागत नाहीत, लागते ती सवड.

१. हवेची गाळणी. आपली काळी माती वाळली की पिठासारखी उडते. मळणीच्या दिवसांत सोयाबीन-तुरीचे भूसकट त्यात भर घालते. तेलाची गाळणी असेल तर तिच्यातले तेल गाळाने घट्ट होते. धुळीच्या दिवसांत ती रोज उघडून पाहावी, गाळ दिसला की भांडे पुसून, जाळी डिझेलने धुऊन, निथळवून नवे ऑइल खुणेपर्यंत भरावे. खुणेच्या वर भरू नये. जास्तीचे ऑइल हवेबरोबर आत ओढले गेले, तर तेच जळून इंजिन सुसाट सुटू शकते आणि डिझेल बंद केले तरी थांबत नाही. ट्रॅक्टरची कागदी गाळणी काठीने बडवू नये. आतून बाहेर हलकी हवा मारावी, फाटली असेल तर बदलावी. गाळणी काढून इंजिन चालवणे तर कधीच नको. त्या दिवशी हवा मोकळी मिळते, पण आत गेलेली धूळ लायनर आणि रिंगा खाऊन टाकते.

२. टॅपेट. व्हॉल्व्हच्या दांडीवर ठेवलेली बारीक फट वाढली, की व्हॉल्व्ह उशिरा उघडतो, लवकर मिटतो आणि उचललाही कमी जातो. फट अजिबात नसेल, तर तो पूर्ण मिटत नाही आणि जळतो. कंपनीच्या पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे, फिलर गेजची पट्टी घालूनच फट ठेवावी. अंदाजाने ठेवू नये. वाट न कोरता श्वास मोकळा करणारे काम जर कुठले असेल, तर ते हेच.

३. व्हॉल्व्हची बैठक. हँडल मारताना दाब नरम लागतो, इंजिन सुरू व्हायला त्रास देते, तेव्हा व्हॉल्व्ह गळत असण्याचा संभव असतो. हेड उतरवून व्हॉल्व्ह पेस्टने घासून बसवावेत. बसवल्यावर हेड आडवे धरून पोर्टमध्ये थोडे डिझेल ओतून पाहावे. व्हॉल्व्हच्या कडेने ओल आली, तर काम अपुरे झाले असे समजावे.

४. धुराची वाट. सायलेन्सरमध्ये आणि एक्झॉस्ट पोर्टमध्ये काजळीचे थर साचतात. धूर पूर्ण बाहेर गेला नाही, तर नव्या हवेला जागा मिळत नाही. घरातला कचरा काढल्याशिवाय नवे धान्य कुठे ठेवणार? काजळी खरवडून काढावी. धुराची नळी लांबवायची असेल तर ती बारीक घेऊ नये, आणि वळणे कमीत कमी ठेवावीत.

५. इंजिनाची खोली. छोट्या बंद खोपटात इंजिन आपलाच गरम श्वास पुन्हा घेते. समोरासमोर झरोके ठेवावेत आणि धूर बाहेर न्यावा.

इथे भगिनींना मुद्दाम सांगतो, कारण घरच्या माणसांना वेळीच अडवण्याचे काम त्यांच्याच हातून होते. पाणी खोल गेले म्हणून इंजिन विहिरीतल्या टप्प्यावर उतरवून चालू करू देऊ नका. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. विहिरीत तो कोंडतो आणि खाली उतरलेला माणूस बेशुद्ध पडतो. त्याला वाचवायला धावलेला दुसराही पडतो. असे झाले तर इंजिन बंद करा, माणसे गोळा करा. दोर बांधल्याशिवाय आणि आत मोकळी हवा गेल्याशिवाय कुणालाही खाली सोडू नका.

धुराचा रंग ओळखा

काळा धूर दिसला तर हवा कमी, डिझेल जास्त किंवा बोजा जास्त. आधी गाळणी, मग नोझल, मग पंपाचा बोजा पाहा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. रिंगा किंवा व्हॉल्व्हचे गाईड झिजले असावेत. पांढरा धूर सुरुवातीला थोडा वेळ दिसला तर चिंता नाही. इंजिन तापल्यावरही तो राहिला, तर डिझेल न जळता जाते आहे किंवा आत पाणी शिरते आहे. निळ्या आणि पांढऱ्या धुरावर पोर्टिंग हा इलाजच नव्हे.

हेड उतरवलेच, तर मिस्त्रीला काय सांगाल?

काजळी काढायला हेड कधीतरी उतरवावे लागतेच. त्या वेळी पोर्टिंगमधला जो निर्धोक आणि उपयोगी भाग आहे, तेवढा जरूर करून घ्यावा. नळी, गॅस्केट आणि हेड यांची तोंडे जुळवून पाहावीत. गॅस्केटची कड वाटेत आली असेल तर ती कापून घ्यावी. ओतकामाची टोकदार बारीक कड आत राहिली असेल, तर तेवढीच हलक्या हाताने काढावी. पोर्ट रुंद करू नये, वळणे घासू नयेत, व्हॉल्व्हचा गाईड कापू नये.

बैठकीचे काम यंत्रावर आणि पुस्तिकेतल्या कोनानेच करावे. पुन्हा पुन्हा घासून व्हॉल्व्ह आत खोल बसला, तर दाब कमी होतो. तशी वेळ आली तर बैठकच बदलावी. हेडची खालची बाजू सरळ आहे का, हे पट्टी ठेवून पाहावे. गॅस्केट नवे घालावे. नट एका बाजूने ओळीने न आवळता तिरकस समोरासमोर, दोन-तीन टप्प्यांत, सांगितलेल्या जोरानेच आवळावेत. त्यानंतर टॅपेट पुन्हा लावावे. घासलेली धूळ आणि पेस्ट डिझेलने धुऊन काढल्याशिवाय हेड बसवू देऊ नये. पेस्टचा कण आत राहिला, तर तो लायनर घासतच राहतो.

पाण्याच्या बाजूकडेही पाहा

डिझेल वाचवण्यासाठी देशात पीसीआरए ही संस्था १९७८ सालापासून काम करते. शेतीपंपांबाबत तिचा भर हवेच्या वाटेइतकाच पाण्याच्या वाटेवर राहिला आहे. फूट व्हॉल्व्ह कमी अडथळ्याचा असावा, नळी पंपाला शोभेल एवढ्या व्यासाची आणि आतून गुळगुळीत असावी, काटकोनी एल्बोऐवजी लांब वळणाचे बेंड घालावेत, पंप पाण्याच्या शक्य तितका जवळ बसवावा, नळी उगाच उंच नेऊन पाणी खाली पाडू नये. विचार तोच आहे. वाहणाऱ्या वस्तूची वाट मोकळी करा, पण जिथे ती अडली आहे तिथेच करा. आपल्याकडे पुष्कळ विहिरींवर अडचण हेडमध्ये नसते. ती गाळाने भरलेल्या फूट व्हॉल्व्हमध्ये असते.

बाटली आणि घड्याळ

कुणी म्हणाले, "अमुक केल्याने ताकद वाढते," तर वाद घालू नका, मोजून पाहा. डिझेलच्या टाकीऐवजी खुणा केलेली एक लिटरची स्वच्छ बाटली उंचावर बांधा आणि तिच्यावर इंजिन चालवा. इंजिन तापल्यावर, पंप नेहमीसारखा चालू असताना, अर्धा लिटर डिझेल किती मिनिटांत संपते ते घड्याळ लावून पाहा. त्याच वेळी नळीखाली दोनशे लिटरचे पिंप धरून ते किती सेकंदांत भरते तेही पाहा. दोन्ही आकडे वहीत लिहा. गाळणी धुवा, टॅपेट लावा आणि विहिरीतले पाणी त्याच पातळीवर असताना पुन्हा मोजा. हे काम शाळेत जाणाऱ्या मुलामुलींना सांगा. त्यांना गणितही येईल आणि घरचे डिझेलही वाचेल.

समजा, दोन मोजण्यांत तासाला पाव लिटरचा फरक निघाला. रोज आठ तास, हंगामात चाळीस दिवस इंजिन चालले, तर ८० लिटर डिझेल होते. हे पैसे धुराड्यातून जायचे, की मुलांच्या वह्या-पुस्तकांना आणि हळदीच्या बेण्याला लागायचे, हे आपल्याच हातात आहे.

घरात यंत्राचा छंद असलेला मुलगा असेल, तर त्याचा हिरमोड करू नका. हेडमधून हवा कशी वाहते हे ज्याला जाणून घ्यावेसे वाटते, त्याच्या अंगी कारागिरीचे बीज आहे. त्याला आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचे शिक्षण घेऊ द्या. पोर्टिंग शिकायचेच असेल तर ते भंगारातल्या हेडवर आणि जाणत्याच्या हाताखाली शिकू द्या. तसे हेड करवतीने उभे कापून पाहिले, तर पाण्याची जागा आणि भिंत किती पातळ आहे, ते त्याला डोळ्यांनी दिसेल. पाण्यावर चाललेल्या पिकाचे इंजिन मात्र शिकण्यासाठी नसते.

शेती अवजारांबद्दल शंका असल्यास आपल्याच तालुक्यात तोंडापूरला कृषी विज्ञान केंद्र आहे, परभणीला कृषी विद्यापीठ आहे. विचारायला संकोच करू नये. यंदा मात्र हंगाम सुरू होण्याआधी एक दिवस काढा. गाळणी, टॅपेट, बैठक, धुराडे आणि फूट व्हॉल्व्ह ही पाच कामे उरकून घ्या. त्यानंतरही इंजिन ठरलेल्या लोडवर काळा धूर टाकत राहिले, तर जाणत्या मिस्त्रीकडून नोझल आणि फ्युएल पंप तपासून घ्या. हेड कोरण्याची वेळ आपल्या पंपाच्या इंजिनावर बहुतेक कधी येणारच नाही.